गाऱ्हाण्यासाठी पेनड्राइव्ह

जयवंत धुरी म्हणजे जन्मभर 'व्हय' म्हणणारा माणूस. हे त्याची टिंगल म्हणून नाही सांगत. धुऱ्यांच्या घरात ते एक कामच होतं आणि ते त्याच्याकडे होतं. गणेशचतुर्थीला मूर्ती चौरंगावर बसली, की त्याचा थोरला भाऊ रामजी, ज्याला अख्खी चाळ दादा म्हणायची, हात जोडून पुढे उभा राहायचा आणि मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे घरच्या कर्त्या माणसानं देवाशी केलेलं बोलणं. चुकलंमाकलं पोटात घाल, अमक्याचं लग्न जमू दे, तमकीचा गुडघा बरा होऊ दे. दादाचं एकेक वाक्य संपलं की मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. जयवंतही म्हणायचा, पण सगळ्यांच्या मागून, अर्धा श्वास उशिरा आणि पुटपुटल्यासारखं. बायको, सीमा, शेजारून कोपरानं ढोसायची. तेवढ्यापुरता आवाज वर चढायचा आणि पुढच्या वाक्याला पुन्हा खाली बसायचा.

करी रोडच्या त्या खोलीत आता तो एकटा होता. मूलबाळ नव्हतं. सीमा तीन वर्षांपूर्वी गेली. साधा ताप म्हणता म्हणता हॉस्पिटलात नेली आणि तिथून ती घरी आलीच नाही. पुढच्या वर्षी वहिनी, म्हणजे दादाची बायको, गेल्या आणि मागच्या आषाढात दादाही गेला. त्या वर्षी सुतक म्हणून गणपती आणला नाही आणि कुणी विचारलंही नाही. दादाचा मुलगा वैभव बंगळुरूला. यंदा श्रावण लागला तसा त्याचा फोन आला. सुट्टी मिळायची नाही म्हणाला. मग जरा चाचरत म्हणाला, की काका, तुम्ही एकटे कुठे दगदग करणार, गुरुजींना विचारून देवापुढे नारळ ठेवू आणि बंद करू. पोरगं वाईट नाही हो. काळजीनंच बोललं. पण 'बंद करू' हे दोन शब्द त्यानं असे सहज उच्चारले, जसं केबलचं कनेक्शन बंद करायचं आहे. जयवंतनं बघू म्हणून फोन ठेवला आणि मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला.

मोरीशेजारी भिंतीला टेकून गणपतीचा पाट उभा होता. धुऱ्यांकडे पद्धत अशी, की श्रावणात आपल्या घरचा पाट लालबागच्या चित्रशाळेत नेऊन द्यायचा. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. पाट दिला म्हणजे देवाला शब्द दिला, मग मागे फिरणं नाही. चित्रशाळावाल्यानं निरोप धाडला होता, नारळी पौर्णिमेच्या आत पाट आणा, नाहीतर यंदा जमणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, द्यायचा पाट, आणायचा गणपती, अडलंय कुठे? अडलं होतं गाऱ्हाण्यापाशी. दादानंच एकदा भर आरतीत सांगून ठेवलं होतं, की गाऱ्हाणा घालणारो कोण नाय, तर गणपती हाडून काय उपयोग? आणि जयवंतला गाऱ्हाणं येत नव्हतं. पन्नास वर्षं त्या वाक्यांच्या शेवटाकडे कान लावून उभा राहिला, पण त्याचं लक्ष फक्त 'व्हय' कधी म्हणायचं इकडे. मधलं दादा काय बोलायचा, ते डोक्यावरून गेलं. सुरुवात 'बा देवा म्हाराजा' अशी व्हायची एवढं आठवे, पुढे सगळं धुकं.

समोरच्या खोलीतल्या राधाबाईंकडे त्यानं हे बोलून पाहिलं. राधाबाई कणकवलीकडच्या, तोंडाच्या फटकळ, मनाच्या मोकळ्या. गणपतीला गावी जायची त्यांची बॅग तेव्हापासूनच अर्धी भरलेली. त्या म्हणाल्या, "पाठ कित्याक करूचा? मनात असात तां सांग देवाक." वर म्हणाल्या, नाहीतर चल माझ्यावांगडा गावाक. जयवंत हसला. मनात काय आहे हे त्याला दुसऱ्यांनी विचारायची सवय, सीमा विचारायची. ती नसताना मनातलं काढायचं कसं, हे काय राधाबाईंना विचारता येतं? त्यांनी दिलेली नाचणीची भाकरी घेऊन तो परत खोलीत आला.

भाकरी खाताना त्याला आठवलं, की गाऱ्हाणं आहे. घरातच आहे.

सीमानं तिच्या शेवटच्या गणपतीत ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. फोन भरला म्हणून दिवाळीत साफसफाई काढली, तेव्हा तिनं विचारलं होतं, की हे कुठे ठेवू, आणि यानंच सांगितलं होतं, माझ्या मशीनमध्ये टाक, तिथून कुठे जात नाही. तो फोन पुढे चार्जच होईना म्हणून देऊन टाकला. वैभवकडेही ते नव्हतं, त्याचा फोन दोनदा बदलला. म्हणजे जगात दादाचं गाऱ्हाणं कुठे असेल तर ते कोपऱ्यात, सीमानं शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हराखाली झाकलेल्या त्या कॉम्प्युटरात. आणि तो कॉम्प्युटर वर्षभर बंद पडला होता.

हे मशीन गिरगावातल्या छापखान्यातलं. जयवंतनं तिथे तीस वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या, आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे लावून, मग पडद्यावर. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी, घेऊन जा रे, तुझ्याच हाताची सवय आहे त्याला, म्हणून ते दिलं. सीमा गेल्यावर तो ते फारसं उघडत नसे. एकदा उघडलं, तर आपणहून काहीतरी अपडेट घेत बसलं आणि नेमकी चाळीची लाइट गेली. तेव्हापासून चालू केलं की काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरायचे. दिवस मावळेपर्यंत बघत बसा, फिरतच राहायचे.

चिंचपोकळी स्टेशनाबाहेर निलेशचं दुरुस्तीचं दुकान आहे. जयवंतनं तिथे जाऊन विचारलं. निलेश मंडळांच्या लायटिंगच्या माळांत आणि स्पीकरांत गळ्यापर्यंत बुडालेला. वर न बघताच म्हणाला, काका, फॉरमॅट मारून उद्या देतो, आतलं काढून हवं असेल तर गणपतीनंतर या. गणपतीनंतर! जयवंतला त्या पोरावर हसावं की रडावं कळेना. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं, हे त्याला ठाऊक होतं. तो आल्यापावली परतला.

मग त्यानं गौतमला फोन लावला. गौतम छापखान्यात प्लेटा करायचा, नंतर रात्रीचे क्लास करून कॉम्प्युटरच्या कामात शिरला आणि आता अंबरनाथला असतो. दोघांचं वर्षा-दोन वर्षांनी बोलणं, पण जिथे थांबलं तिथून सुरू होणारं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जया, मशीन मेलेलं नाय रे. त्यातली विंडोज मेलीय. आतलं सामान जागच्या जागी असणार."

उपाय त्यानं असा सांगितला. लिनक्स नावाची एक दुसरी सिस्टीम असते, फुकट मिळते. ती पेनड्राइव्हवर घालायची आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचं. म्हणजे मेलेल्या विंडोजला हात न लावता मशीन जागं होतं आणि आतल्या फायली उघडता येतात. जयवंतला वाटलं, हे म्हणजे आपल्याच बंद घराच्या खिडकीत शेजाऱ्याच्या शिडीवरून चढण्यासारखं झालं. पण शिडी मिळतेय तर नाही कोण म्हणतो?

पेनड्राइव्ह तयार करायला एक धड चालणारा कॉम्प्युटर हवा. तो होता चाळीच्या मंडळाच्या ऑफिसात, तळमजल्यावर, वर्गणीच्या पावत्या छापण्यासाठी ठेवलेला. मंडळाचे फलक आणि पत्रकं जयवंत वर्षानुवर्षं फुकट जुळवून द्यायचा, म्हणून किल्ली त्याच्याकडे असायची. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. समोरचा टॉवर झाल्यापासून ऊनही तीनलाच उठून जातं. तिथे बसून त्यानं गौतमनं सांगितलेल्या ठिकाणाहून लिनक्सची फाइल उतरवून घ्यायला लावली. चांगली मोठी फाइल होती, ती हळूहळू उतरत राहिली. हा आपला रेषा पुढे सरकताना बघत बसला. खरं म्हणजे त्याला बरं वाटत होतं. कुणाची तरी वाट बघत बसावं असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

फाइल आली. यानं ती उचलून पेनड्राइव्हवर कॉपी केली, वर येऊन आपल्या मशीनला लावायला निघाला, आणि म्हटलं एकदा गौतमला सांगावं. गौतम फोनवर जे हसला! म्हणाला, तू कणकेचा गोळा तव्यावर ठेवलास, पोळी लाटलीच नाहीस. नुसती फाइल कॉपी करून मशीनला काही कळत नाही. ती पेनड्राइव्हवर लिहायचा एक छोटा प्रोग्राम असतो, तो फाइल फोडून अशी मांडतो, की चालू होताना मशीन तिथूनच सुरुवात करतं. त्यालाच बूटेबल म्हणतात. ठीक आहे, लाटू पोळी, म्हणत जयवंत पुन्हा खाली गेला.

प्रोग्राम उघडला, फाइल दाखवली, पेनड्राइव्ह निवडला. तेवढ्यात पडद्यावर तांबडी सूचना आली, की या ड्राइव्हवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, चालेल का?

जयवंतचा हात थबकला. त्या पेनड्राइव्हवर त्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांच्या लग्नपत्रिका होत्या. छापखाना सोडताना त्यानं त्या हट्टानं उतरवून आणल्या होत्या. त्यानं त्या उघडून पाहिल्या. चि. आणि सौ. कां., आमचे येथे श्रीकृपेकरून, वेलबुट्टीच्या चौकटी, गणपतीचं चित्र, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बाळगोपाळ मंडळी. किती लोकांना त्यानं आपल्या हातानं बोहल्यावर चढवलं होतं! आणि त्यातल्या एकाही लग्नाला त्याला बोलावणं नव्हतं. पत्रिका जुळवणाऱ्याला कोण बोलावतं? सीमा यावरून त्याला चिडवायची, की तुमच्या ओळखीचे सगळे कागदावरचे. तो एकेक पत्रिका बघत गेला. नावं बदलायची, चौकट तीच राहायची. मग त्यानं सगळं बंद केलं आणि चालेल वर बोट दाबलं. ती लग्नं लागली होती, त्यांचं आता त्याला काही देणंघेणं नव्हतं.

पेनड्राइव्ह तयार होऊन वर आला. गौतमनं सांगितलं होतं तसं, मशीन चालू करताक्षणी कळ दाबून ठेवली. निळ्या पडद्यावर यादी आली, कुठून चालू करू विचारणारी. पण त्या यादीत पेनड्राइव्हच नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तेच. मागच्या बाजूची भोकं भिंतीची ओल लागून गंजलेली, जी दोन बरी होती ती कीबोर्ड आणि माउसनं अडवलेली. पुढचं एकच उरलं होतं आणि त्यात पेनड्राइव्ह अर्धाच जात होता. हा जोर लावायचा आणि तो बाहेर यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडाला त्यानं मशीन दारापाशी ओढलं, गुडघ्यावर बसला आणि मोबाईलचा टॉर्च आत मारला. आत काहीतरी अडकलेलं दिसलं. झुरळाचं अंडं असेल म्हणून तो शिवी घालणार होता. सीमाच्या डब्यातली एक केसांची पिन आणली आणि हलक्या हातानं उकरलं, तसं ते टपकन तळहातावर पडलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवानं लाल झालेला.

अक्षत होती ती. छापखान्यात दसऱ्याला सगळ्या मशीनांची पूजा व्हायची. धुवून पुसून झेंडूचे हार, हळदकुंकू, अक्षता. हे मशीन घरी आलं तेव्हा सीमानं तीच पद्धत घरी चालू केली. ज्याच्यावर घर चाललं त्याला वर्षातून एकदा तरी ओवाळायला नको? जयवंत सांगायचा, अगं, फार नको टाकू, भोकात जाईल. ती म्हणायची, गेली तर गेली, देवाचीच आहे, आणि मूठ मोकळी करायची. तिच्या शेवटच्या दसऱ्यानंतर मशीनची पूजा झालीच नव्हती. म्हणजे हा दाणा तिच्याच मुठीतला.

जयवंतनं तो दाणा मुठीत मिटला. सीमा गेल्यावर लोक भेटायला आले तेव्हा तो रडला नव्हता. लोकांना वाटलं माणूस घट्ट आहे. तो आता रडला, आवाज न करता, शर्टाच्या बाहीत तोंड घालून. जिन्यावरून कुणीतरी वर आलं, बघितलं आणि न बघितल्यासारखं करून निघून गेलं. रडून झाल्यावर त्यानं तो दाणा देव्हाऱ्यात अन्नपूर्णेपुढे ठेवला आणि तोंड धुतलं.

मग पेनड्राइव्ह सरळ आत बसला.

काळ्या पडद्यावर अक्षरं भराभर पळाली, मशीनचा पंखा घरघरला आणि भाषा निवडा असं आलं. त्यात मराठी होती. यानं ती निवडली. पुढे दोन चौकोन आले, एक वापरून पाहा, दुसरा स्थापित करा. गौतमनं बजावलं होतं, की बाबा रे, स्थापित वर चुकूनही जाऊ नकोस, नाहीतर आतलं सगळं पुसून ते तिथेच घर करेल. जयवंतनं उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरलं आणि वापरून पाहा दाबलं. घोटभर पाणी पिऊन येईपर्यंत स्वच्छ नवा पडदा समोर होता. त्याचं जुनं मशीन, पण चेहरा परका.

आतल्या डिस्कचं चित्र कडेला दिसत होतं. उघडलं. सगळं होतं. लाइट बिलं होती, मंडळाचे फलक होते, आणि सीमानं केलेलं 'गणपती' नावाचं फोल्डर होतं. त्यात एकच फाइल. छापखान्याचे जुने स्पीकर लावून त्यानं ती चालवली.

आणि काय ऐकू यावं?

सीमा मागे उभी, तिच्याच हातात फोन. दादा पार पुढे, देवाकडे तोंड करून. त्यात शेजारच्या खोलीत कुणाची तरी झांजांसकट आरती चाललेली. दादाचा आवाज म्हणजे नुसती गुणगुण, एक शब्द धड कळेना. गुणगुण थांबायची आणि एकदम कानठळ्या बसतील असं 'व्हय म्हाराजा' यायचं. फोनच्या जवळ कोण होते? सगळे 'व्हय' म्हणणारे. वहिनी होत्या, वैभव होता, त्या वर्षी गावी न गेलेल्या राधाबाईंचा खणखणीत आवाज होता, आणि सगळ्यांत जवळ सीमाचा. दुसऱ्या की तिसऱ्या 'व्हय म्हाराजा'नंतर सीमा हळूच म्हणाली, "अवो, मोठ्यान म्हणा ना जरा."

जयवंतनं फाइल थांबवली. त्याला पहिल्यांदा आला तो राग. एवढा खटाटोप केला, लोकांची लग्नं पुसली, आणि मिळालं काय, तर जे त्याला येतच होतं तेवढंच! शब्द दादाबरोबर गेले ते गेलेच. गौतमचा फोन आला, मिळालं का म्हणून. मिळालं, म्हणाला. काय मिळालं ते न सांगताच फोन ठेवला.

पण ती फाइल त्याला सोडवेना. रोज सकाळी चहा ठेवला की पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करायचं आणि ती ऐकायची, असं होऊन बसलं. आधी शब्द पकडायला ऐकायचा. मग शब्दांचा नाद सुटला आणि नुसतीच माणसं ऐकायला लागला. आणि असंच एकदा, भाकरीचं पीठ मळता मळता, दादाची गुणगुण चालू असताना तो स्वतःशीच काहीतरी बोलला. काय, तर पीठ संपत आलंय. आणि वाक्य संपायला नि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायला एकच गाठ पडली. तो पीठभरल्या हातांनी तसाच उभा राहिला.

जन्मभर त्यानं दुसरं केलं काय होतं? चौकट तयार असायची, मधली जागा मोकळी, तिथे नावं बसवायची. दादाच्या गुणगुणीएवढी जागा आणि मग 'व्हय म्हाराजा'. पुन्हा जागा, पुन्हा 'व्हय म्हाराजा'. फक्त या वेळी नावं घालायची होती ती दुसऱ्या कुणाची नव्हती. त्यानं हात धुतले, पाट पुसला, काखोटीला मारला आणि लालबागच्या चित्रशाळेत नेऊन दिला. पौर्णिमा अजून व्हायची होती. चित्रशाळावाला म्हणाला, आलात होय, मला वाटलं यंदा धुऱ्यांचं बंद. जयवंत म्हणाला, नाही.

चतुर्थीच्या सकाळी चाळीचा तो मजला बघवत नव्हता. गणपतीला कोकणातला माणूस मुंबईत थांबतो होय? दारोदार कुलपं. राधाबाई तुळशीचं पाणी याच्यावर सोपवून केव्हाच गेलेल्या. नळाला पाणी आलं तरी भांड्यांचा आवाज नाही. जयवंतनं मूर्ती एकट्यानं जिना चढवून आणली. दारात पायांवर पाणी घालायला कुणी नव्हतं, म्हणून मूर्ती घेऊनच वाकून तांब्या कलता केला आणि अर्धं पाणी स्वतःच्याच पायांवर घेतलं. गुरुजी आले, घाईत प्रतिष्ठापना केली आणि पुढच्या घरी पळाले. मोदक त्यानं स्वतः केले होते. त्यातले निम्मे फुटले.

मग त्यानं मशीनवरचं फुलाफुलांचं कव्हर काढलं. बिघडलेली विंडोज त्यानं दुरुस्त करून घेतलीच नव्हती, पेनड्राइव्हवरच काम भागत होतं. पेनड्राइव्हला हळदकुंकू वाहिलं. अक्षता मात्र लांबून टाकल्या. फाइल चालू केली आणि चटकन देवापुढे येऊन हात जोडून उभा राहिला, दादाच्या जागी. तिथे उभं राहायची त्याची ही पहिलीच वेळ.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "मी जयवंत. दादा नाय, म्हणान आज मी उभो रवलंय."

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे म्हणाले.

"घरात आता माझ्याशिवाय कोण नाय. दादा गेलो, वहिनी गेली. सीमा गेली."

"व्हय म्हाराजा!" वहिनी म्हणाल्या, सीमा म्हणाली.

पुढचं वाक्य त्यानं ठरवून ठेवलं होतं, वैभवला सुखी ठेव म्हणून. ते तोंडातून निघेचना. नुसती झांज वाजत राहिली. आणि त्या मोकळ्या जागेत, अगदी कानाशी, सीमाचा आवाज आला, "अवो, मोठ्यान म्हणा ना जरा."

जयवंतनं डोळे मिटले. आणि जन्मात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून, बंद दारांच्या त्या अख्ख्या मजल्यावर घुमेल असा, तो ओरडला, "देवा, माका एकट्याक ठेव नको! पुढल्या वर्षाक माझ्यामागे उभ्या रवाक कोणतरी धाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर म्हणालं. आणि सगळ्यांच्या मागून, अर्धा श्वास उशिरा, पुटपुटल्यासारखा, त्याचा स्वतःचा आवाजही आला.